जुन्या घरातला गीझर बदलायचा आहे. सगळं मिळून किती खर्च येईल, काय काय लागेल? (बेळगाव)

तुम्ही लिहिलंय की शहापुरातलं जुनं घर आहे, १५ लिटरचा गीझर खालून गळतोय, दुकानदार नवा घ्या म्हणतोय आणि तुम्हाला एकूण आकडा हवाय. शेवटी कंसात घातलंय की 'नळाला हात लावला की कधीकधी मुंग्या येतात'. पैशांचं सांगते, पण तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते कंसातलं आहे. आधी उठून गीझरचा प्लग उपसून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. तपासणी होईपर्यंत चुलीवर नाहीतर गॅसवर पाणी तापवा.

आमच्या वडगावातल्या घरात हेच झालं होतं. सासूबाई सकाळी बादली भरताना म्हणायच्या, "नळ चावतोय बघ." घरात सगळ्यांचं एकच मत, गीझर जुना झाला, बदलून टाका. थोरल्या भाऊजींनी दुकानात सांगूनही ठेवलं होतं. बसवायला आलेला पोरगा नवा खोका खाली ठेवून भिंतीला ड्रिल लावायच्या तयारीत होता. मी म्हटलं, आधी पॉईंट तपास. तो म्हणाला, "एमसीबी आहे की ताई, काय होतंय?" तिथेच मी त्याला थांबवलं आणि गल्लीतल्या आमच्या नेहमीच्या वायरमनला बोलावलं. माझे वडील खानापुरात वायरिंगची कामं करायचे. एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच, कशासाठी असतो आणि कशासाठी नसतो हे मला कुणी दुकानात शिकवायची गरज नव्हती.

वायरमननं टेस्ट लॅम्प काढला. म्हणजे होल्डरात शंभरचा बल्ब आणि दोन वायरी. फेज आणि न्यूट्रलला, म्हणजे वीज आणणाऱ्या आणि परत नेणाऱ्या वायरीला, लावला, भक्कन पेटला. मग एक वायर फेजला ठेवून दुसरी वरच्या मोठ्या भोकात, अर्थच्या, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणाऱ्या वायरीच्या. बल्ब थंड. पुन्हा लावला, पुन्हा थंड. "अर्थिंग इल्लरी अक्का," म्हणजे अर्थिंगच नाही, तो म्हणाला आणि पॉईंटचे स्क्रू काढले. आत हिरवी वायर होती, तिचं टोक वाकवून काळी टेप गुंडाळून मागे कोंबलेलं. खाली मेन बोर्डापाशी गेलो तर सगळ्या घराची अर्थ एका जुन्या लोखंडी पाईपला क्लॅम्पनं बांधलेली. पूर्वी हीच पद्धत होती. नळाचा लोखंडी पाईप जमिनीत जायचा, तोच अर्थ. पण आमच्या न्हाणीचं काम काढलं तेव्हा लोखंडी पाईप जाऊन प्लास्टिकचे आले. क्लॅम्पखाली वीतभर पाईप उरला होता आणि त्याच्या पुढे काहीच नव्हतं. त्या दिवसापासून अख्खं घर अर्थिंगशिवाय होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. शहापूर, वडगाव, अनगोळच्या जुन्या घरांत ज्यांनी ज्यांनी न्हाणी नवी केली, त्यांनी हे एकदा बघाच.

मुंग्या येत होत्या त्याचं कारण असं. बोअरच्या पाण्यातले क्षार एलिमेंटवर, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉईलवर, चढतात, थर जाड झाला की एलिमेंटचं आवरण तापून चिरतं आणि थोडा करंट पाण्यात उतरतो. अर्थ असेल तर तो गीझरच्या अंगावरून जमिनीत जातो. अर्थ नसेल तर तो वाट बघत बसतो, आणि ओल्या फरशीवर उभं राहून नळ धरणारा माणूस त्याला ती वाट देतो. एवढ्याशा करंटवर एमसीबी पडत नाही. तो जास्त लोड आणि शॉर्टसर्किटसाठी असतो. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी, थोडा करंट गळला तरी लाईन तोडणारा स्विच, आपल्याकडचे वायरमन त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. घरासाठी ३० मिलिअँपचाच घ्या, म्हणजे तेवढा करंट गळला की तोडणारा.

मग वाद झाला. भाऊजी म्हणाले, अर्थिंगचा खड्डा, नवी लाईन, हे सगळं कशाला? "त्या हिरव्या वायरला न्यूट्रलला जोडून टाक की, लॅम्प पेटतोय, काम झालं." लॅम्प पेटतो हे खरं. अर्धे वायरमन हेच करून देतात, कारण गिऱ्हाईकाला पेटलेला बल्ब दिसतो. पण पावसाळ्यात वाऱ्यानं कधी न्यूट्रल तुटला, तर गीझरचं अख्खं अंग, नळासकट, फेजवर येतं. तेव्हा मुंग्या येत नाहीत, माणूस जागेवर जातो. मी नाही म्हटलं. सगळ्यांसमोर नाही म्हटलं, आणि घरात थोरल्यांना असं कुणी बोलत नाही. परड्यात खड्डा खणून घेतला, पाईप, कोळसा, मीठ घालून, आणि मीटर लावून अर्थिंगचा रेझिस्टन्स ५ ओहमच्या आत आल्याशिवाय पैसे दिले नाहीत. अजूनही कुणाच्या लग्नात भेटले की भाऊजी पाहुण्यांना सांगतात, हिनं गीझरपेक्षा जास्त पैसे मातीत पुरले. पुरले. बरोबर केलं.

आता तुमचा आकडा. १५ लिटरचा, फाईव्ह स्टार, आयएसआय मार्कचा गीझर सात ते दहा हजारांत मिळतो, २५ लिटरचा दोन-तीन हजारांनी जास्त. बसवणी, जाळीचे दोन पाईप, व्हॉल्व्ह धरून हजार-दीड हजार. बसवणी फुकट म्हणणारे पाईपचे पैसे वेगळे घेतात. बोर्डापासून न्हाणीपर्यंत अडीच एमएमची तांब्याची स्वतंत्र लाईन आणि १६ अँपचा पॉईंट, दोन-तीन हजार. आरसीसीबी दोनेक हजार. अर्थिंगचा खड्डा चार ते आठ हजार, जमीन कशी आहे त्यावर. म्हणजे सगळं मिळून सोळा ते पंचवीस हजार धरा. दुकानदार तुम्हाला यातला पहिलाच आकडा सांगणार.

२५ लिटर घेऊ नका. १५ लिटर पाणी ६० अंशांना तापलं की विसणासकट जवळपास दोन बादल्या होतात, एकामागून एक अंघोळी करणाऱ्या घराला तेवढं चालतं. दोन किलोवॅटचा गीझर वीस-पंचवीस मिनिटांत तेवढं तापवतो, म्हणजे पाऊण युनिट. गृहज्योती, म्हणजे कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना, घेत असाल तर हा हिशेब ठेवा, महिन्याला २०० युनिटच्या वर गेलात की पूर्ण बिल भरावं लागतं. तीन लिटरचा इन्स्टंट स्वस्त दिसतो, पण तो बहुतेक तीन किलोवॅटचा, १३ अँप खेचतो. जुन्या बारीक वायरीवर तो लावणं म्हणजे भिंत आतून तापवणं.

गॅस गीझर न्हाणीच्या आत अजिबात नको. त्याच्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला वास नसतो, आणि दार लावून अंघोळ करणाऱ्याला कळायच्या आत शुद्ध जाते. बाहेरच्या भिंतीला, मोकळ्या हवेत लावणार असाल तर वेगळी गोष्ट. सोलर चांगला, पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे ऊन कुठे असतं? आणि गरम पाणी तर तेव्हाच जास्त लागतं. बॅकअपचा एलिमेंट घालावाच लागतो, आणि एलिमेंट आला की अर्थिंग आलंच.

एक राहिलं. गळती खालच्या जोडातून किंवा गॅस्केटमधून असेल तर गीझर बदलायचीही गरज नसेल, चार-पाचशेत काम होतं. टाकीच गळत असेल तर मात्र दुरुस्तीच्या नादी लागू नका. नवा घेतलात की आतला मॅग्नेशियमचा रॉड वर्ष-दीड वर्षानं उघडून बघा. टाकीऐवजी तो झिजावा म्हणूनच घातलेला असतो. पाणी फक्त राकसकोप-हिडकलचं, म्हणजे धरणाचं नळाचं, असेल तर जरा जास्त टिकेल, बोअरचं असेल तर नाही. फ्लॅटमध्ये राहत असाल तर खड्डा तुमच्या हातात नाही, सोसायटीकडून मोजून मागा. भाड्याचं घर असेल तर मालकाशी बोला, आणि तो ऐकत नसेल तरी आरसीसीबी स्वतःच्या पैशांनी बसवाच. अर्थ नसलेल्या घरातही तो माणसाला धक्का बसताक्षणी लाईन तोडतो. अर्थ असेल तर धक्का बसायच्या आधीच तोडतो, एवढाच फरक, पण मोठा फरक.

आणि आमचे भाऊजी इथं उत्तरं वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी. भाऊजी, खालच्या मजल्याचं मीटर वेगळं आहे, तुमच्या न्हाणीतली हिरवी वायर अजून त्याच तुटक्या पाईपला बांधलेली आहे. परड्यातला खड्डा तयार आहे, फक्त तिथून तुमच्या बोर्डापर्यंत वायर ओढायची. मी वायरमनला सांगितलंय, येत्या रविवारी येतो. पैसे मी देते, तुम्ही फक्त दार उघडा.