निर्दोष, दोषमुक्त की नुसताच ‘सुटला’?

दादरच्या एका छोट्या साप्ताहिकात मुद्रितशोधन करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: “लोकलमधल्या २००६च्या बॉम्बस्फोटांचा हायकोर्टाचा निकाल आला तेव्हा आमचा मथळा होता, ‘बाराही आरोपींची निर्दोष मुक्तता’. दोन दिवस वाचकांचे फोन येत होते आणि सगळ्यांचा सूर एकच, पुरावा नाही म्हणून सुटले, तुम्ही त्यांना निर्दोष कसं म्हणता? संपादक म्हणतात, सगळे हेच लिहितात. मग बरोबर काय? आणि ‘पुराव्याअभावी’ जोडून लिहायचं की तोडून?”

ताई, दुसरा प्रश्न सोपा आहे, म्हणून तो शेवटी घेतो.

आधी ‘निर्दोष’कडे बघू. कोर्टाच्या बाहेर हा शब्द आपण कशाला लावतो? हिऱ्याला, उच्चाराला, एखाद्याच्या हस्तलिखिताला. जिथे खोट काढायला जागाच नाही, ते निर्दोष. म्हणजे ही शाबासकी झाली. आरोपीच्या नावापुढे तो शब्द बसला की वाचणाऱ्याला वाटतं, कोर्टाने नुसतं सोडलं नाही, वर पाठही थोपटली. त्याच बातमीत मेलेल्या माणसांसाठी मात्र ‘निष्पाप’ हा शब्द येतो: ‘१८०हून अधिक निष्पाप प्रवासी’. मराठी बातमीदारीत ही वाटणी पक्की झाली आहे, निष्पाप मेलेल्यांना आणि निर्दोष सुटलेल्यांना. दोन्ही शब्द एका पानावर आले की वाचकाच्या मनात त्यांची तुलना होते. तुमच्याकडे आलेले निम्मे फोन त्या तुलनेचे असणार.

आता ‘निर्दोष मुक्तता’ ही जोडी. पुरणपोळी म्हणजे पुरण घालून केलेली पोळी, तशी ही ‘निर्दोष ठरवून केलेली मुक्तता’. मधलं ‘ठरवून केलेली’ गळालं. हा झाला मध्यमपदलोपी समास. पण आपण तो जोडून लिहीत नाही, दोन सुटे शब्द लिहितो. त्यामुळे व्याकरणाने ‘निर्दोष’ हे थेट ‘मुक्तता’चं विशेषण होतं, म्हणजे मुक्तताच निर्दोष, तिच्यात काही खोट नाही! ती तशी आहे की नाही हे तर सुप्रीम कोर्टात ठरायचं, आणि आपण हायकोर्टाच्या निकालादिवशीच तिला प्रशस्तिपत्र देऊन मोकळे. (हा शब्दच्छल आहे हे मलाही कळतं. पण मुद्रितशोधकाशी बोलताना नाही करायचा तर कधी करायचा?)

मुळात मुंबई उच्च न्यायालयाने ‘निर्दोष’ हा शब्द उच्चारलेलाच नाही. तिथलं कामकाज इंग्रजीत चालतं आणि निकालातला शब्द आहे ‘अक्विट’. त्याची व्युत्पत्ती मजेशीर आहे. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ देणं चुकतं करणं, ऋणातून मोकळं होणं. त्यात ना दोष आहे, ना गुण. आपल्याकडे कर्ज ‘फिटतं’, तसं काहीतरी. दोष आणला तो आपण, भाषांतर करताना.

कायद्याच्या मराठीने इथे जास्त काळजी घेतली आहे. २०२४पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या मराठी अनुवादात ‘दोषमुक्ती’ आहे आणि तिच्यासमोर ‘दोषसिद्धी’. किती नेमकी जोडी! सरकारी पक्षाने दोष लावला, तो सिद्ध झाला तर दोषसिद्धी, नाही झाला तर त्या लावलेल्या दोषातून मुक्ती. माणूस आतून कसा आहे यावर एक अक्षर नाही. खटला उभा राहण्याआधीच, आरोप ठेवण्याइतकंही काही नाही म्हणून सोडलं, तर तो वेगळा प्रकार, त्याला बातम्यांत ‘आरोपमुक्त’ म्हणतात. काही वार्ताहर दोन्हींचा काला करून वर ‘क्लीन चिट’ची फोडणी देतात. क्लीन चिट हा कायद्यातला शब्द नाही, तो पत्रकार परिषदेतला आहे.

पण लोकांच्या तोंडात यातलं काहीच नव्हतं. निकाल २१ जुलै २०२५ला आला. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी (२००६चा तो ११ जुलैही मंगळवारच होता), मी बोरिवलीहून चर्चगेटला निघालो होतो. डब्यात एकच क्रियापद फिरत होतं: सुटले. “सगळे सुटले.” “एकोणीस वर्षांनी सुटले.” कोणीतरी हिंदी सिनेमातल्या वकिलाच्या थाटात “बाइज्जत बरी” म्हणालं, त्यावर एका आजोबांनी विचारलं, “कोण बरी? कुणाची तब्येत?” हशा पिकला आणि लगेच विरलाही. गाडी माहीमला शिरत होती. त्या संध्याकाळी ज्या गाड्यांत स्फोट झाले त्यांतली एक माहीमला होती.

‘सुटणे’ हा शब्द कोर्टाच्या भाषेपेक्षा फार जुना आणि फार मुरलेला आहे. गाडी सुटते, शाळा सुटते, गाठ सुटते, वास सुटतो, पोट सुटतं. बाळंतीण हातीपायी सुटते. आणि खंगलेला माणूस गेला की आपण म्हणतो, सुटला बिचारा. या बारा जणांतला एक २०२१मध्ये तुरुंगवासातच वारला. ‘सुटला’ हे त्याच्याबाबत आधी एका अर्थाने खरं झालं, चार वर्षांनी दुसऱ्या. मथळ्यातल्या ‘बाराही आरोपी सुटले’ या तीन शब्दांत हे कुठे दिसतं?

आरोपीला लावलेल्या ‘सुटला’मध्ये मात्र एक गृहीत असतं. जो पकडीत होता आणि पकडीत असायला हवा होता, तो सुटतो. हातातून मासा सुटतो, तसा. निरपराध माणूस ‘सुटला’ असं आपण क्वचितच म्हणतो, त्याला ‘सोडलं’ म्हणतो. सुटणे-सोडणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे या मराठीतल्या फार सुंदर जोड्या आहेत. पहिल्यात क्रिया आपोआप घडते, दुसरीत कोणीतरी ती करतं. डब्यातला सगळ्यात मोठा आवाज होता, “मग बॉम्ब काय आपोआप फुटले?” म्हणणाऱ्याला व्याकरण माहीत नसेल, पण त्याने बोट अचूक ठेवलं. बॉम्ब फुटले हे सगळ्यांनी पाहिलं, साधारण अकरा मिनिटांत सात. ते फोडले कोणी, हा पुढचा प्रश्न. मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) न्यायालयाने २०१५मध्ये त्याचं उत्तर दिलं, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप. हायकोर्टाने म्हटलं की या बारा जणांनी फोडले हे सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. कबुलीजबाब टिकले नाहीत, ओळख परेड टिकली नाही, बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते हेही शाबीत झालं नाही. म्हणजे ‘फुटले’ तसंच उभं राहिलं आणि ‘फोडले’चा कर्ता गेला. वाक्य अर्धवट तुटल्यासारखं वाटतं, तो राग खरा आहे. फक्त त्या रागाचा पत्ता तपासाकडे जायला हवा होता, तो ‘निर्दोष’ या विशेषणाच्या दारात जाऊन आपटला.

‘संशयाचा फायदा’चंही असंच. फायदा म्हटलं की आपल्याला दुकान आठवतं, नाहीतर ‘अंधाराचा फायदा घेऊन पसार’ ही ठरलेली बातमी. त्यामुळे ‘संशयाचा फायदा घेत आरोपी सुटला’ असं कोणी लिहिलं की आरोपीने काही लबाडी केली असं वाटतं. फायदा घेत कोणी नाही, कोर्ट देतं. द्यावाच लागतो. क्रियापद बदललं की माणूस बदलतो, एवढं सांभाळा.

तीन दिवसांनी सुप्रीम कोर्टाची ‘स्थगिती’ आली आणि आमच्या सोसायटीच्या गेटवर पेढे वाटायची भाषा झाली, परत आत जाणार म्हणून. स्थगिती एवढ्यापुरतीच होती की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये. सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जायची गरज नाही हे तिथेच स्पष्ट केलेलं होतं. ‘निकालाला स्थगिती’ हा मथळा खोटा नव्हता, पण पुरताही नव्हता.

आणि हो, शब्दांची ही चिकित्सा आपण निकाल आवडला नाही की करतो. याच मुंबईत १९५९मध्ये पत्नीच्या प्रियकराच्या खुनाच्या खटल्यात नौदलातल्या नानावटींना ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं, तेव्हा शहरातले किती लोक खूश होते! तो कौल न्यायाधीशांनाच पटला नाही. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. ‘निर्दोष म्हणजे नक्की काय हो?’ असं विचारायला तेव्हा कोणी वर्तमानपत्राला फोन केले असतील असं मला वाटत नाही.

तर तुमच्या मथळ्यासाठी माझं मत ‘बाराही आरोपी दोषमुक्त’. एक शब्द, अक्षरंही कमी, कोर्टाने जे केलं तेवढंच सांगणारा. संपादकांना रुक्ष वाटेल. ‘निर्दोष मुक्तता’ चूक नाही, रूढ आहे, पण वाचक तिचा अर्थ निकालापेक्षा मोठा घेतात हे तुमच्या फोननेच दाखवलं. उलट बाजूने, फोनवाल्यांना हवं होतं तसं ‘पुराव्याअभावी सुटले’ मथळ्यात घालू नका. दोषमुक्ती होते ती पुराव्याच्याच हिशेबाने, मग एखाद्याच्याच मथळ्यात तो शब्द का? तो घातला की ‘केलं यांनीच, पण…’ हे न लिहिताही वाचलं जातं. बातमीच्या आत, कुठला पुरावा का टिकला नाही हे सांगताना, खुशाल वापरा.

आणि वापराल तेव्हा जोडूनच: पुराव्याअभावी. ‘पुराव्या’ हे सामान्यरूप आहे, ते एकटं उभं राहत नाही.