गराज सेलमधल्या डब्यात बर्फावरच्या हॉकीतल्या वेन ग्रेट्झकीचं १९७९ चं हॉकी कार्ड सापडलं. खरं असेल का? विकू का?

आधी कार्डाच्या कडा बघा. चेहरा, सही, रंग हे सगळं नंतर.

तुम्ही लिहिलंय की कार्ड कालच छापल्यासारखं दिसतं आणि कडा अगदी गुळगुळीत आहेत. मला काळजी वाटली ती तिथेच. कॅनडात खेळाडूंची ही संग्रहाची कार्डं ओ-पी-ची नावाची कंपनी काढायची, ऑन्टारिओतल्या लंडन शहरात. छापलेले तक्ते तारेने कापले जायचे, म्हणून खऱ्या कार्डाच्या कडेला बहुधा कागदाचे बारीक तंतू सुटलेले दिसतात. शिवाय १९७९-८० च्या संचाची किनार निळी आहे. जरा घासलं की रंग उडतो आणि पांढरा कागद डोकावतो. इतकी वर्षं डब्यात इतर कार्डांवर घासूनही किनार शाबूत, असं क्वचितच होतं.

आता उलटं करा. मजकूर इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हींत असेल तर ओ-पी-ची, नुसता इंग्रजीत असेल तर अमेरिकेतल्या टॉप्स कंपनीचं. दोन्हींत ग्रेट्झकीचा क्रमांक १८ च आहे. संग्राहकांची ओढ ओ-पी-चीकडे जास्त. मग दहापट मोठं करणारं भिंग घ्या आणि काळी अक्षरं बघा. ती सलग काळी हवीत. अक्षरंसुद्धा रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसली, तर कुणीतरी खऱ्या कार्डाचा स्कॅन छापलाय असं समजा. एका बाजारात मी भिंग न लावता असंच एक कार्ड घेतलं होतं. घरी येऊन नाव वाचताना ठिपके दिसले. पैशांपेक्षा वाईट याचं वाटलं की तोवर ते कार्ड मी मुलीला कौतुकाने दाखवून झालो होतो.

आता ‘एवढं काय आहे या माणसात’ या तुमच्या प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे हॉकी म्हटलं की मैदान आणि ध्यानचंद आठवतात. ही बर्फावरची हॉकी. ग्रेट्झकी ऑन्टारिओतल्या ब्रँटफर्डचा. वडिलांनी घरामागे पाणी गोठवून केलेल्या रिंगणात तो शिकला. १९७८-७९ मध्ये, सतरा-अठराव्या वर्षी, डब्ल्यूएचए या दुसऱ्या लीगमध्ये त्याने ११० गुण (गोल आणि असिस्ट मिळून) केले. ती लीग बंद पडली, तिचे चार संघ एनएचएल या मुख्य लीगमध्ये आले, त्यांत त्याचा एडमंटन ऑइलर्सही होता. पहिल्याच मोसमात १३७ गुण! तरी नवोदिताचं बक्षीस त्याला मिळालं नाही, कारण आधी डब्ल्यूएचएत खेळल्यामुळे त्याला नवोदित धरलंच नाही. लीगने ज्याला नवोदित मानलं नाही, त्याचं हे ‘रुकी कार्ड’, म्हणजे नवोदिताचं कार्ड. मला या कार्डाचं सगळ्यात जास्त अप्रूप याच गोष्टीचं आहे. पुढे १९९९ मध्ये तो थांबला तेव्हा खात्यावर २,८५७ गुण होते. त्यातले १,९६३ असिस्ट, म्हणजे दुसऱ्याला गोल करायला दिलेले पास. गोल बाजूला ठेवले तरी नुसत्या असिस्टवर तो बाकी कुणाही एका खेळाडूच्या एकूण गुणांच्या पुढे आहे. ८९४ गोलांचा विक्रम २०२५ मध्ये रशियाच्या अलेक्झांडर ओवेच्किनने मोडला; असिस्टच्या आसपासही कुणी नाही.

किमतीचं म्हणाल, तर २०२१ मध्ये ग्रेट्झकीचं असं जे कार्ड साडेसदतीस लाख डॉलरला गेलं, ते पीएसएची (कार्डं तपासून श्रेणी देणारी कंपनी) १० पैकी १० श्रेणी मिळालेलं होतं. तो आकडा डोक्यातून काढा. कार्ड पुसू नका, खोडरबर लावू नका, कडा तर मुळीच कापू नका. कापलेलं कळतं आणि किंमत कोसळते. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात घालून मग कडक होल्डरमध्ये ठेवा. श्रेणी लावून घेतल्याशिवाय कुणालाही विकू नका, कितीही घाई करू देत. आणि खरं निघालं, पण कोपरे झिजलेले असले, तर मी तरी विकणार नाही.

मागच्या बाजूचा आणि एका कडेचा जवळून घेतलेला फोटो टाका, फ्लॅश न वापरता. बघून सांगतो.