छत पांढरं करायचा नियम आहे असं ऐकलं. पांढरकवड्याजवळच्या गावात आमच्या दोन खोल्या आहेत, त्यांचा स्लॅब पांढरा करणं सक्तीचं आहे का? करून फायदा होतो का?

सक्ती नाही. तुम्ही ऐकलेला नियम ईसीबीसी 2017, म्हणजे इमारतींतल्या ऊर्जा बचतीच्या केंद्राच्या संहितेतला. तो व्यावसायिक इमारतींसाठी आहे, तोही विजेचा जोडभार, म्हणजे जोडलेल्या सगळ्या उपकरणांचा मिळून भार, 100 किलोवॅट किंवा जास्त असेल तर. पांढरकवड्याजवळच्या तुमच्या दोन खोल्यांना तो लागत नाही. तुमच्या शेजारच्या तेलंगणाने 2023 मध्ये कूल रूफ, म्हणजे ऊन परतवणाऱ्या गार छतांचं धोरण आणलं, पण तिथेही 600 चौरस यार्डांखालच्या प्लॉटवरची घरं ऐच्छिकच.

तरी नियम काय मागतो ते पाहा. छताने उन्हातली निदान 60 टक्के उष्णता परतवावी, आणि शोषलेली उष्णता भराभर सोडावी. उष्णता सोडण्याच्या या क्षमतेला उत्सर्जकता म्हणतात, ती 1 पैकी निदान 0.90 हवी. ही दुसरी अट लोक विसरतात. कोरं टिन चकाकतं, बरंच ऊन परतवतं, पण शोषलेलं धरून ठेवतं. म्हणून मे महिन्यात त्याला हात लावता येत नाही. चुना दोन्ही बाबतींत चांगला.

तुमचा स्लॅब आहे, तर चुनाच लावा. फेब्रुवारीत तारेच्या ब्रशने शेवाळ, माती खरवडून काढा. लोखंडी ड्रममध्ये आधी पाणी, मग थोडाथोडा कळीचा चुना टाका. तो उकळतो, म्हणून प्लास्टिकची टाकी नको, पोरं जवळ नकोत, डोळ्यांना चष्मा हवा. रात्रभर विरवून फडक्यातून गाळा, थोडा फेविकॉल घाला. संध्याकाळी स्लॅब ओला करून कुंच्याने पातळ हात द्या, वाळल्यावर दुसरा, मग तिसरा. जाड थर पापुद्र्यासारखा सुटतो. पावसाने आणि धुळीने पांढरेपणा जातो, तेव्हा दरवर्षी पुन्हा लावणं आलं. टिनावर मात्र चुना टिकत नाही, तिथे पांढरा परावर्तक रंगच घ्या.

खोली एसीसारखी गार होणार नाही. पण दिवसभर तापलेला स्लॅब अर्ध्या रात्रीपर्यंत खाली आग ओकतो, ते नक्की कमी होतं, आणि म्हाताऱ्या माणसांना त्याचीच गरज असते.

एक मनापासून विनंती. ग्रामसभेत आरोग्य उपकेंद्राच्या छताचा विषय काढा. शाळेला उन्हाळ्यात सुट्टी असते, उपकेंद्र मात्र भर मे महिन्यातही चालतं आणि तिथे गरोदर बाया तपासणीला येतात. चुन्याचा खर्च कोणत्याही पंचायतीला झेपेल, त्यासाठी नियमाची वाट कशाला पाहायची?