ट्रक मागं लागलाय, आणि वाचकांचे प्रश्नसुद्धा

मागच्या अंकात 'ड्यूएल' या इंग्रजी पिक्चरवर चार ओळी लिहिल्या होत्या. एक साधा सेल्समन, त्याची लाल गाडी, ओसाड रस्ता आणि हात धुऊन मागं लागलेला एक गंजका टँकर, एवढीच गोष्ट. त्यावर एवढे मेसेज आलेत की या वेळी बाकीचे पिक्चर बाजूला ठेवून ह्याच्यावरच बोलू. बहुतेक प्रश्न पिक्चरपेक्षा तो घरी कसा बघायचा याचेच आहेत, आणि मला विचाराल तर ते बरोबरच आहे, कारण घरी येईपर्यंत एकाच पिक्चरचे दोन-तीन अवतार झालेले असतात आणि आपण कुठला बघितला हेच आपल्याला माहीत नसतं.

जुळे सोलापूरहून एक वाचक: सर, मी डिस्कवर बघितला तो ९० मिनिटांचा. मित्राकडं आहे तो ७४ मिनिटांचा, त्यात स्कूल बसचा सीनच नाही. तो म्हणायलाय त्याचीच कॉपी ओरिजिनल. खरी कुठली, पैज लागलीय.

पैजेचे पैसे दोघं मिळून खावा मालक, कारण दोन्ही खऱ्या आहेत. हा पिक्चर मुळात थिएटरसाठी नव्हताच. अमेरिकेत एबीसी चॅनेलवर १३ नोव्हेंबर १९७१ ला दाखवलेला टीव्हीपट आहे हा, आणि टीव्हीवर दीड तासाचा स्लॉट म्हणजे जाहिराती वजा जाता हातात उरतात ७४-७५ मिनिटं, म्हणून तुमच्या मित्राची कॉपी तेवढी. दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्ग तेव्हा २४ वर्षांचा होता आणि शूटिंग दोन आठवड्यांच्या आत उरकलेलं. नंतर युरोपात थिएटरला लावायचं ठरलं, पण सव्वा तासाच्या पिक्चरला तिकीट कोण काढणार, म्हणून जास्तीचे सीन शूट करून तो ९० मिनिटांचा केला. सुरुवातीला गाडी घरातून निघून शहरातून बाहेर पडते ते, बायकोला फोन, स्कूल बस आणि रेल्वे फाटक, हे सगळं नंतरचं.

माझं मत विचाराल तर बायकोच्या फोनचा सीन नसता तरी चाललं असतं, तो हिरो घरात कसा दबलेला आहे ते आपल्याला समजावून सांगत बसतो आणि तेवढ्यात ताण सैल पडतो. रेल्वे फाटक जबरदस्त आहे, समोरून मालगाडी चाललीय आणि ट्रक मागून गाडीला ढकलायलाय. पण जोडलेल्यातला सगळ्यात भारी म्हणजे तीच स्कूल बस. बंद पडलेल्या बसला हिरो ढकलायला जातो, जमत नाही, उलट पोरं खिडकीतनं हसतात, आणि तो घाबरून पळाल्यावर तोच राक्षसी ट्रक येऊन त्या स्कूल बसला अलगद धक्का मारून देतो. म्हणजे ट्रकवाला सगळ्या जगाला वाईट नाही, त्याचं वैर फक्त ह्या एका माणसाशी आहे, का ते मात्र कुणी सांगत नाही. तेव्हा पहिल्यांदा बघणाऱ्याला मी ७४ चा दाखवीन, दुसऱ्यांदा ९० चा.

बार्शीहून एक वाचक: माझ्याकडं युरोपातली जुनी डीव्हीडी आहे, तिच्यावर ना ७४ मिनिटं दिसतात ना ९०, ८६ च्या आसपास दिसतात. कापलाय का?

कापलेला नाही, पळवलाय. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. युरोपात आणि आपल्याकडं टीव्हीची जुनी पद्धत पाल, सेकंदाला २५ फ्रेमची, त्यामुळं डीव्हीडी काढताना सरळ २४ च्या जागी २५ फ्रेम पळवायचे. ९० मिनिटांचा हिशोब करा, साडेशहाऐंशीच्या आतबाहेर येतो. आवाजाची पट्टीही त्यामुळं किंचित वर चढते, बहुतेकांच्या लक्षात येत नाही, पण गाणारा माणूस घरात असेल तर तो पकडतो. ब्लू-रेवर पिक्चर शक्यतो २४ फ्रेमवरच येतो म्हणून तिथं भानगड नाही.

होटगी रोडहून एक ताई: नवीन ५५ इंची टीव्ही घेतलाय. पिक्चर लावला तर दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या. सासरे म्हणतात एवढे पैसे घालून टीव्ही घेतला आणि अर्धा काळाच दिसतो, रिमोटनं झूम करा. करू का?

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि झूम करू नका. तुम्ही टीव्हीवाली आवृत्ती लावलीय, ती जुन्या टीव्हीच्या चौकोनी मापात आहे, ४:३. नवीन टीव्ही १६:९ चा, म्हणजे बाजूला जागा उरणारच. झूम करून ती भरली तर वरखालचं मिळून चित्राचा पाव हिस्सा उडतो, आणि स्ट्रेच केलं तर लाल व्हॅलियंट गाडी पसरट होते, हिरोचे गाल फुगतात. ह्या पिक्चरमध्ये ते परवडत नाही, कारण अर्धी भीती आरशात आहे. कितीतरी वेळा पुढं हिरोचा चेहरा, वर कोपऱ्यात आरसा आणि आरशात ट्रक, असा एकाच चौकटीत सगळा मामला असतो, वरचा भाग कापला की आरसाच जातो, मग तो बिचारा कशाला घाबरतोय तेच कळत नाही.

९० मिनिटांची आवृत्ती थिएटरच्या आडव्या मापात मिळते, १.८५, म्हणजे उंचीच्या १.८५ पट रुंद, ती लावली तर वरखाली अगदी बारीक पट्टी येईल, सासरे कदाचित बोलणारसुद्धा नाहीत. आणि एक काम नक्की करा. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये मोशन स्मूदिंग नावाचं एक खूळ असतं, कंपनीप्रमाणं नाव बदलतं पण 'मोशन' हा शब्द शक्यतो असतोच. ते बंद करा. टीव्ही मधे मधे स्वतःचे फ्रेम घुसडतो आणि मग पिक्चर सिरियलसारखा गुळगुळीत दिसायला लागतो, धूळ उडवत येणारा ट्रक शोरूममधून निघाल्यासारखा वाटतो. फिल्ममेकर मोड असेल तर तो लावला की हे आपोआप बंद होतं.

अक्कलकोट रोडहून एक वाचक: रात्री लावला की बोलणं ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवायचा, आणि ट्रकचा हॉर्न वाजला की बाळ उठतंय. बायको म्हणायलीय बंद कर ते.

बायकोचं बरोबर आहे. पण उपाय आहे. मूळ टीव्हीवरचा आवाज मोनो, म्हणजे सगळा एकाच ट्रॅकचा होता, डिस्कवर नंतर ५.१ चा आवाज तयार करून घातलाय. पाच स्पीकरसाठी वाटलेला आवाज टीव्हीच्या दोन स्पीकरमधून काढायला गेलं की बोलणं दबतं. ऑडिओच्या मेनूत मूळ मोनो असेल तर तोच लावा, मला तर तो जास्त आवडतो, इंजिनचा तो एकसुरी घरघराट डोक्यात बसतो. नसेल तर प्लेअरचा आवाज स्टिरिओवर टाका आणि नाईट मोड चालू करा, म्हणजे मोठा आवाज दाबला जातो, लहान वर येतो. हेडफोन लावला तर प्रश्नच मिटला, पण मग बाळ उठलेलं तुम्हाला कळणार नाही आणि पुढचं तुम्ही बघून घ्या.

रेल्वे लाइन्स भागातून एक कॉलेजकुमार: शेवटपर्यंत ड्रायव्हर दाखवलाच नाही. बजेट संपलं होतं का? आणि तो कोण होता ते तरी सांगा.

बजेट नाही रे बाबा, तोच तर पिक्चर आहे. हात दिसतो, बूट दिसतात, चेहरा नाही. हिरो कॅफेत बसून काउंटरवरच्या एकेकाचे बूट बघत राहतो, यातला कोण असेल म्हणून, आणि आपणपण त्याच्याबरोबर बूट बघायला लागतो. पडद्यावर दिसणाऱ्या ट्रकचं स्टिअरिंग कॅरी लॉफ्टिन या स्टंट ड्रायव्हरच्या हातात होतं. ट्रक पीटरबिल्ट २८१, बरेच ट्रक बघून हा निवडला कारण याच्या तोंडाला चेहऱ्यासारखी ठेवण आहे, पुढं निघालेलं नाक, वर काचेचे दोन डोळे. आता पुढच्या वेळी बंपर नीट बघ. वेगवेगळ्या राज्यांच्या नंबरप्लेट ओळीनं लावल्यात. आधी किती राज्यांत किती जणांना त्यानं लोळवलंय त्याचा तो हिशोब आहे, आणि पिक्चरभर त्यावर कुणी चकार शब्द बोलत नाही. आपल्याकडं असता तर एका म्हाताऱ्या पंपवाल्यानं फ्लॅशबॅकसकट सगळं सांगितलं असतं.

गोष्ट रिचर्ड मॅथेसनची, पटकथापण त्याचीच. २२ नोव्हेंबर १९६३ ला, म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना गोळी घातली त्याच दिवशी, तो मित्राबरोबर गोल्फ खेळून परत येत होता आणि एक ट्रक त्यांच्या गाडीच्या बुडाला चिकटून लागला. ते डोक्यात राहिलं आणि कथा छापून आली १९७१ मध्ये. एवढं ताणाचं काम दोन आठवड्यांत कसं जमवलं, तर सगळ्या रस्त्याचा वरून बघितल्यासारखा एक लांबलचक नकाशा काढून स्पिलबर्गनं तो खोलीच्या भिंतींवर लावला होता, कुठल्या वळणावर काय घडणार ते त्यावर मांडलेलं. फोन बूथच्या सीनला काचेवर लक्ष ठेव, दिग्दर्शक स्वतः त्यात दिसतो. आणि शेवट सांगत नाही, पण शेवटाला एक घुसमटलेली डरकाळी ऐकू येते, तोच आवाज स्पिलबर्गनं १९७५ च्या 'जॉज'मध्ये पुन्हा वापरलाय.

विजापूर रोडहून एक ताई: तुम्ही मागं 'द व्हॅनिशिंग'चा शेवट भयंकर म्हणून लिहिलं होतं. मी बघितला, शेवट चांगला गोड आहे. तुम्ही वेगळाच बघितला का?

हो ताई, वेगळाच. दोघांचा दिग्दर्शक एकच, जॉर्ज स्लाउझर. पहिला १९८८ चा, डच आणि फ्रेंच भाषेतला, मूळ नाव 'स्पोरलोस'. जोडपं सुट्टीला निघालंय, फ्रान्समध्ये पेट्रोल पंपावर थांबतात, ती थंड पेय आणायला जाते आणि परत येत नाही, बस. दुसरा त्यानंच हॉलिवूडसाठी १९९३ मध्ये केला, जेफ ब्रिजेस आणि किफर सदरलंड आहेत, आणि शेवट बदलला. तुमच्या हाती हा दुसरा लागला. नावं सारखी असल्यानं दुकानात आणि ॲपवर हा घोळ कायम होतो, वर्ष बघूनच लावा. पहिला एकट्यानं बघू नका, आणि बघितल्यावर मला शिव्या घालायच्या नाहीत.

पंढरपूरहून एक काका: पुतण्या अमेरिकेत आहे, त्याच्याकडून 'ड्यूएल'ची डिस्क मागवू का? इथल्या प्लेअरवर चालंल का?

काका, कुठली डिस्क त्यावर आहे. डिस्कसाठी जगाचे भाग पाडलेत, त्यांना रीजन म्हणतात. डीव्हीडी असेल तर अमेरिका रीजन १ आणि आपण ५, आपल्याच रीजनला लॉक असलेला प्लेअर ती घेणार नाही. ब्लू-रेला अमेरिका ए आणि आपण सी, तिथंही तेच, काही डिस्क मोकळ्या असतात पण भरवसा नको. ४के डिस्कला मात्र रीजनची भानगड नाही, फक्त प्लेअर ४केचाच लागतो, साध्या ब्लू-रे प्लेअरमध्ये ती चालत नाही. 'ड्यूएल' ४केवर २०२३ मध्ये आलाय. पुतण्याला एवढंच सांगा की खोक्याच्या मागं मिनिटं आणि चौकटीचं माप वाचून फोटो पाठव. ७४ आणि ९० दोन्ही आवृत्त्या असल्या तर डोळे झाकून मागवा.

केगावहून एक वाचक: आपल्याकडं असा पिक्चर आहे का? पोरांना दाखवायचाय.

'एनएच १०' आहे, २०१५ चा, अनुष्का शर्माचा, पण तो पोरांना अजिबात नाही, मारहाण अंगावर येते. २००२ चा 'रोड' आहे, त्यात मनोज बाजपेयी लिफ्ट मागतो आणि सगळ्यांना भारी पडतो. पोरांसाठी म्हणाल तर 'ड्यूएल'च बरा, त्यात रक्त नाहीच म्हटलं तरी चालेल, जरा कळत्या पोरांना चालेल.

बाळ्याहून एक वाचक: पिक्चर बघितल्यापासून रात्री पुणे रोडला मागं ट्रकचे लाईट दिसले की छातीत धडधडतंय. काय करू?

पहिलं म्हणजे गाडीचा रेडिएटरचा पाईप तपासून घ्या, चेष्टा नाही करत. पिक्चरमध्ये सुरुवातीलाच पंपवाला हिरोला सांगतो पाईप बदला म्हणून, हा म्हणतो पुढच्या वेळी, आणि ऐन चढाला गाडी तापते. आपल्याकडच्या मे महिन्यात तर त्यासाठी चढपण लागत नाही. दुसरं, ट्रकवाल्याला जाऊ द्या की पुढं. त्याला माल वेळेत पोचवायचाय, तुमच्याशी त्याचं काही नाही. खरी भीती मागच्या ट्रकची नाहीच, ऊसाच्या सीझनला मोहोळच्या पुढं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागं लाल दिवा न लावता चाललेला असतो, त्याची धरा, नजर पुढं ठेवा. लईच धडधडलं तर ढाब्यावर थांबून चहा घ्या, तोवर तो टेंभुर्णीला पोचेल. आणि चहा पिऊन निघाल्यावर तोच ट्रक पुढं कडेला तुमची वाट बघत उभा दिसला, तर मला मेसेज करत बसू नका, हायवेचा नंबर १०३३ आहे, पोलिसांचा ११२.