मुंबईच्या समुद्रात शिडाची होडी शिकलेल्या माणसाला पवना तलाव सोपा जाईल का?

तुम्ही विचारले आहे की, मुंबईच्या बंदरात दोन हंगाम शिडाची होडी चालवल्यानंतर येत्या मे महिन्यात एका मित्राला घेऊन लोणावळ्याजवळच्या पवना धरणाच्या तलावावर जावे का, समुद्रापेक्षा तलाव सोपा असतो ना, आणि कोणती होडी न्यावी. मे महिन्यात जाऊ नये आणि तलाव सोपा नसतो, ही पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आहेत. होडीबद्दल शेवटी लिहिते. मधला मजकूर लांबणार आहे, कारण ‘तलावच तर आहे’ हे वाक्य मी याच तलावाच्या मधोमध, उलटलेल्या होडीला धरून ऐकलेले आहे.

मुंबईचा वारा शिकणाऱ्याचे लाड करतो. ऑक्टोबरपासून मेपर्यंत दुपारी पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून खारा वारा सुटतो, हळूहळू चढतो आणि सूर्य कलला की उतरतो. भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या दिवशीच कोष्टकात पाहून ठेवता येतात. क्लबच्या होड्या बाहेर पडल्या की मागून एक इंजिनाची बोट लक्ष ठेवून असते, त्यामुळे होडी उलटली तरी कोणीतरी दहा मिनिटांत जवळ येणार हे गृहीत धरूनच आपण शिकतो. पवनेला यातले काहीही नाही. कोकणातून घाटमाथा चढून आलेला वारा तुंग, तिकोना, लोहगड आणि विसापूर या डोंगरी किल्ल्यांमधल्या मोकळ्या जागांतून पाण्यावर उतरतो. तुंगच्या आडोशाला गेलात की शीड लुळे पडते आणि थोडे पुढे सरकताच डोंगराच्या कडेने भलत्याच दिशेचा झोत येऊन बूम, म्हणजे शिडाच्या खालची आडवी काठी, डोक्यावरून पलीकडे जाते. मे महिन्यात त्यात वळवाची भर पडते. दुपारी चढलेल्या ढगातून थंड हवा खाली कोसळते आणि पावसाच्या आधी पाण्यावर पसरते. म्हणजे पहिला थेंब पडण्यापूर्वीच सर्वांत जोराचा वारा येऊन गेलेला असतो. समुद्रावर दूरचे पाणी काळे पडताना दिसते, तेवढ्यात शीड उतरवता येते. डोंगरांमध्ये अडकलेल्या पाण्यावर तेवढे दूर काही दिसतच नाही.

मे १९९६ मध्ये मी आणि माझा थोरला भाऊ त्याच्या एका मित्राची एंटरप्राइझ ट्रेलरवर घालून खंडाळ्याच्या घाटाने पवनेला गेलो. एंटरप्राइझ ही दोन माणसांची, सुमारे चार मीटर लांबीची होडी. लांबीच्या मानाने तिला शीड बरेच मोठे असते. १९८२ साली आशियाई खेळांतल्या शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, त्यांत हीच होडी होती, आणि त्या दिवसांत दादाला जे वेड लागले ते पुढे त्याने मला लावले. मला सुकाणू धरायला त्यानेच शिकवले. होडी उलटली तर ती सोडायची नाही, हा पहिल्याच दिवशीचा पहिला धडाही त्याचाच होता.

साधारण साडेतीन वाजता तुंगच्या बाजूने अंधारून आले. मी रीफ करू या, म्हणजे शीड थोडे गुंडाळून लहान करू या, म्हणाले. दादा म्हणाला, काठ इथेच आहे, तसेच जाऊ. पुढे काय झाले ते एका मिनिटाच्या आतले आहे. थंड वारा गालाला लागला, होडी आडवी झाली आणि तिथे न थांबता पुरती उलटली. दादाने सेंटरबोर्डवर, म्हणजे होडीच्या तळातून खाली उतरणाऱ्या फळीवर, उभे राहून तिला सरळ करण्याचा तीनदा प्रयत्न केला, पण ती हलेना. उन्हाळ्यात या तलावाची पातळी इतकी उतरते की एरवी पाण्याखाली असलेले वाघेश्वराचे जुने देऊळ उघडे पडते. आम्ही ज्या जागी होतो तिथे एकेकाळची शेते असावीत. सहा-साडेसहा मीटरची डोलकाठी उलटी होऊन त्या चिखलात रुतली होती.

काठ दिसत होता. झाडे, पायवाट, एक पांढरी गाय, सगळे दिसत होते. दादा म्हणाला, “पंधरा मिनिटांत काठाला लागतो आणि कोणालातरी घेऊन येतो. नाहीतर तूही चल.” मी म्हणाले, “दादा, होडी सोडायची नाही, हे तूच शिकवलंस.” त्यावर तो म्हणाला, “ते समुद्रात. हा तलाव आहे.”

तुमच्या प्रश्नातली चूक नेमकी हीच आहे. समुद्रात काठ दिसत नाही किंवा फार दूर दिसतो, म्हणून माणूस निमूटपणे होडीला धरून राहतो. तलावात चारही बाजूंना जमीन दिसते आणि डोळे पाण्याच्या पातळीवर असले की मधले पाणी नजरेत येत नाही, त्यामुळे अंतर बरेच कमी वाटते. पाण्यावर तरंगत ठेवणारे लाइफ जॅकेट अंगावर असताना पोहण्याचा वेग बराच कमी होतो. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी हलके असते. समुद्रात पोहायची सवय असलेल्या माणसाला हा फरक दमल्यावर जाणवतो. वारा आणि आखूड, उभ्या लाटा तोंडावर येत राहतात आणि आपण ज्या झाडाच्या दिशेने निघालो ते झाड थोड्याच वेळात भलतीकडे गेलेले असते.

दादा निघाला आणि पावसाच्या पडद्यामागे दिसेनासा झाला. मी होडीच्या पोटावर चढून सेंटरबोर्ड दोन्ही हातांनी धरले, कारण पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेते आणि शरीराचा जेवढा भाग पाण्याबाहेर राहील तेवढा बरा. जॅकेटला बांधलेली शिट्टी थांबून थांबून वाजवत राहिले. भीती वाटत होती, पण मी तिथे भीतीमुळे बसलेली नव्हते. काय करायचे हे मला माहीत होते आणि तेच मी करत होते. जवळजवळ दीड तासाने एक मासेमार आपली लहान होडी वल्हवत आला. त्याने सांगितले, “ताई, तुम्ही नाही दिसलात. पांढरं काहीतरी दिसलं, मला वाटलं जनावर मेलंय. शिट्टी ऐकली मग.”

त्याने मला काठावर पोचवले तेव्हा दादा तिथे नव्हता. मग वाडीतली सात-आठ माणसे बॅटऱ्या आणि कंदील घेऊन काठाने त्याला शोधत फिरली, आणि तो मासेमार भर काळोखात पुन्हा पाण्यात गेला. रात्री साडेनऊच्या सुमारास दादा पाण्याच्या एका लांबच्या फाट्यापाशी सापडला. पंधरा मिनिटांचे पोहणे तासाहून अधिक चालले होते, तळपाय कापला होता आणि बाहेर आल्यावर तो वस्तीच्या उलट दिशेने चालत सुटला होता. त्याने आणायची म्हणून ठरवलेली मदत त्यालाच शोधत होती.

घरी ही हकीकत वेगळ्या रूपात पोचली. बहीण घाबरून होडीला चिकटून बसली आणि भाऊ जिवावर उदार होऊन मदत आणायला पोहत गेला, असे ती माझ्या लग्नात सांगितली गेली, मुलाच्या बारशाला सांगितली गेली आणि आईच्या सहस्रचंद्रदर्शनालाही सांगितली गेली. दादा पोहत गेला हे खरे आहे आणि तो वाचला हेही खरे आहे. पण तो वाचला म्हणून त्याचा निर्णय बरोबर ठरत नाही. त्याला जॅकेटने वाचवले आणि त्या वाडीतल्या माणसांनी वाचवले.

मी हे त्याला अनेकदा उदाहरणांसह सांगितले आहे. १९७९ साली इंग्लंड-आयर्लंडच्या समुद्रात झालेल्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळामुळे पंधरा स्पर्धक मृत्युमुखी पडले. त्या शर्यतीत खलाशांनी सोडून दिलेल्या चोवीस बोटींपैकी बुडाल्या फक्त पाच, बाकीच्या नंतर पाण्यावर तरंगत सापडल्या. २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी दक्षिण हिंदी महासागरात मोडलेल्या डोलकाठीसह आणि जखमी पाठीसह ‘थुरिया’तच पडून होते, नौदलाच्या विमानाला ती बोट दिसली आणि दुर्घटनेनंतर तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना बाहेर काढले. यावर दादाचे म्हणणे असते की ही महासागरातली उदाहरणे आहेत आणि त्या बोटी मोठ्या आहेत. माझे म्हणणे असे की छोट्या होडीला हा नियम जास्तच लागू पडतो. आपल्या होड्यांमध्ये हवेच्या बंद टाक्या किंवा फुगे असतात, त्यामुळे त्या उलटतात, पाण्याने भरतात, पण बुडत नाहीत. लाटांमधले माणसाचे डोके शंभर मीटरवरूनही सहज दिसत नाही आणि होडीचे पालथे पोट अर्ध्या मैलावरून दिसते.

या नियमाला अपवाद आहेत आणि ते सांगायला हवेत. होडी धरणाच्या दरवाजांकडे ओढली जात असेल किंवा पाय टेकतील एवढ्या पाण्यावर काठ असेल, तर ती सोडावी. दादाबद्दलही अन्याय नको: सुकाणूवर त्याच्या इतका हलका हात मी फार थोड्या लोकांचा पाहिला आहे आणि पुढे मी बारा वर्षे मुलांना शिकवले ते त्याच्याकडून शिकलेलेच होते. आम्ही दोघांनी निघताना जॅकेटे घातली होती, हेही त्याच्याच हट्टामुळे.

आता होडी आणि महिना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. तेव्हा पाणी बरेच वर असते, बुंधे आणि जुने बांध खोल गेलेले असतात आणि वळवाची भीती नसते. पाण्यात उतरण्याआधी जलसंपदा विभागाकडे परवानगीची चौकशी करा. कोणत्या कंपनीची होडी घ्यावी यात मी पडणार नाही, मात्र एंटरप्राइझसारखी मोठ्या शिडाची असेल तर काठावरच रीफ करून निघा. डोलकाठीच्या टोकाला पाच लिटरचा रिकामा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा कॅन बांधा, म्हणजे होडी आडवी झाली तरी सहजासहजी पुरती उलटणार नाही आणि डोलकाठी चिखलात जाणार नाही. दोघांच्याही जॅकेटला शिट्टी हवी. काठावर ओळखीचा एक माणूस बसवा आणि इतक्या वाजेपर्यंत परतलो नाही तर कोणाला बोलवायचे ते त्याला सांगून ठेवा.

आणि होडी पाण्यात ढकलण्यापूर्वी मित्राशी मोठ्याने बोलून ठरवा की ती उलटली तर दोघेही तिच्यापाशीच राहणार, काठ कितीही जवळ दिसला तरी. आम्हा दोघांनाही हा नियम तोंडपाठ होता, म्हणून त्या दुपारी काठावर आम्ही त्याबद्दल एक शब्दही बोललो नव्हतो.