बाकीचे तीन आठवडे

प्रिय बेटा,

तुझं पत्र मिळालं. पाळीच्या आधी आठवडाभर पोट फुगतं, छाती जड होते, रूममेटशी विनाकारण भांडण होतं आणि पाळी आली की दोन दिवसांत सगळं निवळतं, असं तू लिहिलंस. 'त्या दिवसांत काय खाऊ?' असंही विचारलंस. त्या दिवसांचं सांगतेच, पण मला काळजी आहे ती उरलेल्या तीन आठवड्यांची. तुझ्या जेवणाचा खरा घोळ तिथे आहे.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. हे नखरे नाहीत. याला पीएमएस म्हणतात, म्हणजे पाळीच्या आधी होणारा त्रास. बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं आणि पाळी जवळ आली की ते आणि इस्ट्रोजेन हे दुसरं संप्रेरक, दोन्ही उतरतात. हे सगळ्याच मुलींच्या शरीरात होतं, पण काहींच्या मेंदूला ते फार जाणवतं आणि मन ताळ्यावर ठेवणाऱ्या सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचं काम बिघडतं. चिडचिड, रडू येणं, गोड खावंसं वाटणं, हे त्यातूनच. या काळात भूकही खरोखरच वाढते. घरात कोणी 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' म्हणालं तर वाद घालू नकोस, मनालाही लावून घेऊ नकोस.

आता एक वही कर. रोज झोपण्याआधी एक ओळ लिही: पाळीचा कितवा दिवस, काय दुखलं, मन कसं होतं, दुपारी जेवलीस की नाही. तीन पाळ्यांपर्यंत लिहीत राहा. पीएमएस दाखवणारी रक्ताची तपासणी नाही. त्रास पाळीच्या आधीच्या पाच दिवसांत असतो का, पाळी सुरू झाल्यावर चार दिवसांत थांबतो का आणि सलग तीन वेळा तसंच होतं का, यावरून डॉक्टर ठरवतात. थकवा महिनाभर राहत असेल तर कारण दुसरं असू शकतं. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांमध्ये तो आढळला, म्हणून ही तपासणी टाळू नकोस.

खाण्यातल्या ज्या गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे, ती म्हणजे कॅल्शियम. 1998 साली अमेरिकेत 466 बायकांवर एक अभ्यास झाला. अर्ध्यांना रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं, अर्ध्यांना नुसत्या दिसायला तशाच गोळ्या. तिसऱ्या चक्रापर्यंत कॅल्शियमवाल्यांचा त्रास 48 टक्क्यांनी कमी झाला, दुसऱ्या गटाचा 30 टक्क्यांनी. म्हणजे नुसत्या भरवशानेही बरंच हलकं वाटतं, आणि तरीही कॅल्शियमचा वेगळा फायदा उरतोच. पण बघ, त्या बायका ते रोज घेत होत्या आणि फरक पुरता दिसायला तिसरी पाळी उजाडली. पाळीच्या आदल्या दिवशी ग्लासभर दूध पिऊन काही होत नाही.

आपल्याकडे तुझ्या वयाच्या मुलीला दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम हवं असं राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. आपली विदर्भाची ज्वारीची भाकर चांगलीच, पण शंभर ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम जेमतेम पंचवीस-तीस मिलिग्रॅम. तेवढ्याच नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. हॉस्टेलवर भाकरी थापायला सांगत नाही. सकाळी दुधात नाचणीसत्व शिजवता आलं तरी खूप झालं. पेलाभर दूध किंवा दही दोन वेळा घे. सालासकट तिळाची चटणी घरून डबाभर आण. गोकुळपेठेच्या बाजारात चवळाईची ताजी जुडी दिसली तर मेसच्या काकूंना तीच भाजी करायला सांग. गोळी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून.

तर्री पोह्यांवर मी बंदी घालणार नाही. त्यातले चणे जास्त मागून घे, त्यांत लोह आहे, बी-6 जीवनसत्त्व आहे. वरून लिंबू पिळ, लोह अंगी लागायला त्याची मदत होते. संत्र्याच्या दिवसांत जेवणावर एक संत्रं खाल्लंस तर तेच काम होईल. फक्त पोह्यांसोबत चहा नको, तो लोह अडवतो, तासाभराने पी. चहा-कॉफीमुळे पीएमएस होतो असं मोठ्या पाहणीत दिसलेलं नाही, तेव्हा उगाच धास्ती नको. रात्रीची कॉफी मात्र झोप उडवते आणि या दिवसांत झोप मोडली की चिडचिड दुप्पट.

तू पोह्यांनंतर थेट संध्याकाळी बर्डीच्या बाजारात समोसा खातेस, हे मला खरंच आवडलं नाही. सात-आठ तास रिकामं पोट, मग मैदा आणि तेल. हात थरथरतात, डोकं दुखतं आणि दोष पाळीला जातो. बॅगेत फुटाणे, शेंगदाणे, एक केळं असू दे. चतुर्थीला नुसती साबुदाण्याची खिचडी खाऊन राहू नकोस, सोबत दही घे. पोट फुगण्याच्या दिवसांत पापड, लोणचं, पाकिटातले नूडल्स थोडे मागे ठेव.

बी-6 च्या गोळ्यांबद्दल मैत्रिणीने सांगितलं म्हणतेस. थोड्या प्रमाणात उपयोग होऊ शकतो, पण मोठी मात्रा बरेच दिवस घेतली तर मज्जातंतूंना इजा होते, बोटं बधिर पडतात. मेडिकल स्टोअरमधून मनाने आणू नकोस.

खाण्याने पुष्कळ हलकं होतं, सगळं नाही. तीन पाळ्यांनंतरही कॉलेज बुडत असेल, माणसं तुटत असतील, तर वही घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. तीव्र प्रकाराला पीएमडीडी म्हणतात आणि त्यावर औषधं आहेत. जगणं नकोसं वाटण्याचे विचार आले तर मात्र तीन पाळ्यांची वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. रात्र असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन कर, चोवीस तास असतो, मराठीत बोलता येतं. आणि मलाही कर, कितीही वाजले असले तरी.

तुझी,
मावशी