प्रेशर कमी आलं? आधी पाणी बघा

प्रेशर वॉशरचं, म्हणजे जोरदार धारेने धुणाऱ्या मशीनचं, प्रेशर पडलं की लगेच अनलोडर व्हॉल्व्हचा (प्रेशर ठरवणाऱ्या झडपेचा) स्क्रू आवळू नका, पंपावर नाहक ताण येतो. बहुतेक वेळा दोष पाण्याच्या बाजूलाच असतो. नळ पूर्ण उघडा, पाइपला पीळ नाही ना बघा, मशीनच्या तोंडाशी असलेली जाळी धुवा. धार धडधडत, तुटक येते? मग हवा अडकलीय. मोटर बंद ठेवून ट्रिगर दाबून धरा. फसफस थांबून सलग पाणी आलं की झालं.

मग नोझल. वाळूचा एक कण अडकला तरी धार वाकडी होते, बारीक तारेने काढा. काळं नोझल साबणाचं, त्यातून प्रेशर येतच नाही. लाल, 0 अंशाचं मात्र सध्या लावूच नका, ती धार कातडी चिरते. आणि नोझल काढण्याआधी मशीन बंद करून ट्रिगर दाबा, आतलं प्रेशर उतरू द्या.